बटाटातोंडी आमागासा

६ एप्रिल, रविवार

सुरू झाली एकदाची! सकाळी नऊला. मिहारू कावागोएहून लवकरच येऊन बसली, येताना गोड मेलनपाव घेऊन. "आई, बस ना जरा. टीव्हीसमोर उभी काय राहतेस, पाहुण्यासारखी!" बसले.

छत्री उघडली की अंगात बळ येणारी शाळकरी मुलगी — 'आमागासा'. पहिल्यांदा कागदावर वाचलं तेव्हा मी म्हटलं होतं, हे चालायचं नाही. शुगो म्हणाला होता, पैज लाव, चालेल. चाललं! मिहारू फोनवरच्या कमेंट मोठ्याने वाचत होती. "छत्री मिटतानाचा तो आवाज! मेलो!" "आमची चार वर्षांची घरात छत्री उघडून बसलीये, जेवायला तयार नाही." "एवढं देखणं काम रविवारी सकाळी, फुकटात? कुणीतरी चूक केलीये." मिहारू हसत होती. मीही हसले असेन.

शेवटी नावं. चित्रसुधारणा — कुरामोची इत्सुए. म्हणजे मी. बाकीचे काढतात, मी त्यावर पिवळा कागद ठेवून चेहरे सारखे करते, म्हणजे वीस जणांनी काढलेली आमागासा एकाच आईची वाटते. शुगोचं नाव आज नव्हतं. त्याचं काम सातव्या भागात आहे.

मेलनपाव त्याच्या फोटोपुढे ठेवला. मग कपडे वाळत घातले.

१३ एप्रिल, रविवार

नागाओकाहून सासूबाईंचा फोन. "अगं इत्सुए, नावं किती भराभर पळवतात! भिंग लावून बसले तरी शुगोचं सापडलं नाही."

म्हटलं, आई, सातव्या भागात आहे. मे महिन्यात.

"बरं बरं. मी आपली दर रविवारी बघते. चुकून आधी आलं तर!"

२ मे, शुक्रवार

ऑफिसात शुगोचं टेबल आवरलं. नुमाजिरी-सान म्हणाले, घाई नाही, इत्सुए-सान, सावकाश करा. ते निर्माते, नव्या माणसाला टेबल हवं असणार, पण तसं म्हणणार नाहीत. मी सकाळीच करून टाकलं.

पेन्सिलींची थोटकं, एक न उघडलेलं चॉकलेट, आणि आरसा. आमच्या धंद्यात प्रत्येकाच्या टेबलावर असतो एक. चेहरा काढायचा तर आधी आपणच तोंड करून बघायचं. नवखी मुलं लाजतात, शुगो लाजायचा नाही. भर ऑफिसात दात विचकून बसायचा, आणि मी मागून म्हणायची, "माकडा, जेवायला चल."

हा आरसा त्याने दवाखान्यात मागितला होता. जानेवारीत, सातव्या भागातला तुकडा काढताना. पलंगावर जेवणाचा पाट असतो ना, त्यावर कागद लावून काढायचा. मी रोज विसरायची. शेवटी म्हणाला, "राहू दे गं इत्सु. भागलं."

फेब्रुवारीत गेला. चित्रं हातावेगळी करून गेला, हे त्याचं नेहमीचंच. बाहेर कुणाला कळवू नका असं मीच ऑफिसला सांगितलं. नुमाजिरी-सान दोनदा म्हणाले, चाहत्यांना कळवू या का, वीस वर्षं त्यांनी ह्यांचं काम बघितलंय. नको म्हटलं. का ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

आरसा घरी आणला. स्वयंपाकघरात ठेवलाय, मिठाच्या बरणीशेजारी.

११ मे

काही नाही. भात जास्त झाला.

१८ मे, रविवार

सातवा भाग.

आमागासाच्या बाबांचं छत्र्या दुरुस्तीचं दुकान. ती शाळेतून येते, तर दुकानाला फळ्या लावलेल्या. तिला कळतं, बाबा आता यायचे नाहीत. चित्र चेहऱ्यावर जातं. आराखड्यात लिहिलं होतं — रडते, मोठे अश्रू. मी तो कागद पाहिलेला आहे.

आणि आला तो चेहरा! गाल फुगलेले. खालचा ओठ आत ओढलेला. हनुवटीवर खड्डे. एक डोळा मोठा, एक बारीक. नाकपुड्या ह्या एवढ्या! अश्रू? एकसुद्धा नाही. बघता बघता गेलाही.

मिहारू वाचायची थांबली. मी म्हटलं, वाच.

"नको आई."

"वाच म्हणते ना!"

"हे काय, उकडलेला बटाटा?" "आमागासाला गांधीलमाशी चावली!" "तिचा बाप गेलाय आणि आमचं अख्खं घर हसतंय, देवा माफ कर." "चित्रं सुधारणारी बाई झोपली होती का?" "कुरामोची इत्सुए-सान, उठा, सकाळ झाली!"

पाच मिनिटांत थांबवलेलं चित्र सगळीकडे. दुपारपर्यंत बटाट्याला हात-पाय फुटले. कुणी त्याला सोयासॉस लावला, कुणी लोणी.

मिहारू रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या मनात काय आलं, तर संध्याकाळी मासे घ्यायचे आहेत, दुकान सातला बंद होतं. एवढंच आलं. खोटं कशाला लिहू.

सासूबाईंचा फोन. "आलं! शुगोचं नाव आलं! टीव्हीचा फोटो काढलाय मी. थोडा हललाय." चेहऱ्याबद्दल अवाक्षर नाही. त्यांनी नाव सोडून काही पाहिलंच नसावं.

२० मे, मंगळवार

नुमाजिरी-सान टेबलापाशी आले आणि कमरेत वाकले. इतके, की पलीकडची मुलं बघायला लागली.

म्हणाले, "चूक आमची. तुम्ही तेव्हा सुट्टीवर. कुरामोची-सानचं पाकीट आलं, ते आदल्याच दिवशी गेलेले. मी उघडलं. चेहरा बघितला. पिवळा कागद हातात घेतला…"

"मग?"

"ठेववला नाही. पुढे दिलं. त्यालाही ठेववला नाही. दिग्दर्शकांकडे गेलं, त्यांनी पाकिटासमोर हात जोडले आणि तसंच रंगवायला पाठवलं. इत्सुए-सान, गेलेल्या माणसाच्या शेवटच्या चित्रावर पेन्सिल कोण टेकवणार?"

म्हणजे असं झालं. सगळ्या ऑफिसने मिळून आदर केला, आणि सगळ्या देशाने मिळून बटाटा केला! हे फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात एखाद्याने निदान विचारलं असतं.

"मालिकेची डिस्क विकायला निघेल तेव्हा बदलू," म्हणाले. "ऑगस्टपर्यंत हवं. ते… दुसऱ्या कुणाला सांगवत नाही. तुम्ही कराल?"

"करते की. कामच आहे माझं."

त्यांनी पुन्हा कमरेत वाकून घेतलं. मी दुपारी नूडल्स खाल्ले. बरे होते.

२४ मे, शनिवार

चित्रांतले जाणकार असतात ना चाहत्यांत, एकेक रेघ ओळखणारे, त्यांनी शोधून काढलं. "ही कुरामोची शुगोची रेघ. ह्याच माणसाने एके काळी असा धूर चितारला होता की खोकला यायचा! हात गेला त्याचा. वाईट वाटतं." त्याखाली दुसरा, "म्हाताऱ्या, आता तरी विश्रांती घे."

घेतोय.

२५ मे, रविवार

मिहारूशी भांडण. तिने फोनवर लिहून ठेवलं होतं, फक्त पाठवायचं बाकी. 'ते माझे बाबा. ते फेब्रुवारीत गेले. हा चेहरा त्यांनी दवाखान्यात काढला.'

मी म्हटलं, पुसून टाक.

"का? कळू दे ना त्यांना! लाजेने मरतील मेले!"

"लाजून काय करतील? फुलं पाठवतील. आज बटाटा म्हणणारे उद्या त्याच बटाट्याला उदबत्ती लावतील. कीव आली म्हणून चित्र चांगलं होत नाही. माझ्या नवऱ्याला कुणाची कीव नकोय."

"बाबांना नकोय की तुला?"

मी भांडी घासत राहिले.

मग ती म्हणाली, "आई, तू एकदासुद्धा रडली नाहीस. दवाखान्यात नाही, विधीच्या वेळी नाही, अस्थी उचलताना नाही. सगळे म्हणाले, किती खंबीर बाई! मला भीती वाटते तुझी." चपला घालून गेली. मेलनपाव तसाच पिशवीत. मजकूर मात्र पुसून गेली, मला दाखवून.

ती म्हणते ते खरं आहे. रडू येत नाही. येईल येईल म्हणून वाट बघितली, मग वाट बघायचंही राहून गेलं. आत कुणीतरी कापूस भरून ठेवल्यासारखं. दुखत नाही. चवही लागत नाही कशाला.

१ जून, रविवार

मिहारू आली नाही. आठवा… नववा भाग असेल. एकटीने पाहिला. चेहरे नीट होते. मीच सुधारलेले.

७ जून, शनिवार

ओइझुमीच्या दुकानात दूध घ्यायला गेले. पुढे शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली. एकीला काहीतरी कमी मार्क पडलेले. दुसरी म्हणाली, "रडू नको हं!" तर पहिलीने गाल फुगवले, ओठ आत घेतला, हनुवटी गोळा केली — तोच! दुसरीने पण केला. दोघी एकमेकींसमोर बटाटा करून उभ्या, मग फुस्सकन हसल्या. गल्ल्यावरचा पोरगा पण हसला.

माझी पाळी आली तर म्हणाला, "ताई, पिशवी हवी?" नको म्हटलं.

१५ जून, रविवार

आता त्याचा स्टिकर झालाय. फोनवरून एकमेकांना पाठवतात. आधी नुसती टिंगल होती. आता जरा वेगळंच चाललंय, मला नीट सांगता येत नाही. लोक काही लिहीत नाहीत, नुसता बटाटा टाकतात. उदाहरणार्थ — "आज बाबांना वृद्धाश्रमात सोडून आलो. 'जेवून जा' म्हणाले." आणि खाली बटाटा. बस. त्याखाली शेकड्यांनी बटाटे, इतर लोकांचे.

आणखी एक. "लेकीचं लग्न. भाषण करायचंय. मी सध्या हा आहे." बटाटा.

मला वाचून काहीतरी वाटायला हवं होतं. नाही वाटलं. पण तासभर वाचत बसले, चहा गार झाला.

२९ जून, रविवार

सासूबाई. "आज पण नाही आलं गं नाव."

"आई, आता नाही यायचं. त्याचं काम तेवढंच होतं."

मग म्हणाल्या, "तरी बघते मी. पोरगी गोड आहे ती छत्रीवाली." भोपळी मिरच्या पाठवल्यात म्हणाल्या.

१९ जुलै, शनिवार

इकेबुकुरोला चाहत्यांचा मेळावा. मला जायचं नव्हतं, नुमाजिरी-सान म्हणाले, चित्रवाल्यांपैकी कुणी तरी हवं. मागच्या खुर्चीवर बसले, गळ्यात ओळखपत्र उलटं करून. उगाच कुणी म्हणायला नको, ह्याच त्या झोपलेल्या बाई!

उकाडा. सभागृहात सगळ्यांच्या हातात मिटलेल्या छत्र्या. एकाने तर डोक्यावर कागदी लगद्याचा हा एवढा बटाटा घातला होता, आत घामाने निथळत असणार. शेवटी सूत्रसंचालक ओरडला, "सगळ्यांनी मिळून! एक, दोन, तीन — बटाटा!"

आणि सगळ्यांनी केला. पोरं, बाप्ये, नातवाला घेऊन आलेली एक आजी. अख्खं सभागृह गाल फुगवून, ओठ आत ओढून गप्प. त्या चेहऱ्याने हसताही येत नाही, बोलताही येत नाही. क्षणभर अशी शांतता, की पंख्याचा आवाज ऐकू आला.

बाहेर रांगेत माझ्यापुढे एक बाई, चाळिशीची असेल, मैत्रिणीला म्हणत होती, "मला जमतच नाही तो. करायला जाते आणि लगेच रडूच येतं. तो चेहरा किती अवघड आहे माहितेय? काढणाऱ्याने कुठेतरी बघितलेला असणार."

मैत्रीण म्हणाली, "चल गं, चुकलेलं चित्र आहे ते."

मी रांगेतून बाहेर पडले. घरी यायला उशीर होत होता, असं स्वतःला सांगितलं. होत नव्हता.

३ ऑगस्ट, रविवार

नुमाजिरी-सानचा निरोप — डिस्कवाले घाई करताहेत, शुक्रवारपर्यंत जमेल ना? जमेल.

ओबोन आला, पितरं घरी येतात तो सण; शुगोचा पहिलाच. पांढरा कंदील आणला. मिहारूला कळवायचं राहिलं. राहिलं म्हणजे लिहिलं आणि पाठवलं नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

ऑफिसात करवेना, पाकीट घरी आणलं. सकाळी नऊला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले. पहिल्यांदाच त्याची मूळ चित्रं हातात. पाट डुगडुगायचा, रेघ कुठे कुठे थरथरलीये. पाचही बोटांत कागद धरून फडफडवून बघितली, आम्ही चित्रवाले हालचाल तपासतो तशी. मग वर पिवळा कागद ठेवला.

आमागासा रडताना काढायला मला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. भुवया वर, डोळे पाणावलेले, टप्पोरे दोन अश्रू, ओठ जरासे उघडे. सुंदर रडते. काढली. छान आली. कुणाचीही आमागासा.

हनुवटी तेवढी खोटी वाटली. खोडली. परत खोटी. म्हणून बरणीशेजारचा आरसा उचलला, पुढे ठेवला आणि रडायचं तोंड केलं. येईना. म्हणून आठवलं. मुद्दाम नाही, कामासाठी. ती दवाखान्यातली खुर्ची. तो पाटावर वाकलेला, मी समोर बसून त्याला सफरचंद सोलून देतेय. आणि मनात सारखं एकच, की ह्याच्यासमोर नाही. वाटेल ते होवो, ह्याच्यासमोर रडायचं नाही. तो मधेच मान वर करायचा, माझ्याकडे बघायचा, परत काढायला लागायचा. मी म्हणायची, "काय बघतोस रे सारखा?" म्हणायचा, "काही नाही. सोल तू."

आरशात गाल फुगले होते. खालचा ओठ आत. हनुवटीवर खड्डे. एक डोळा मोठा, एक बारीक.

बटाटा.

मी खाली चित्राकडे बघितलं. वर बघितलं. खाली बघितलं. अरे देवा, नाकपुड्यासुद्धा माझ्या!

'भागलं' म्हणाला होता. आरसा नको, भागलं. मी समोरच बसलेली होते ना, रोज.

पिवळा कागद फाडला. दुसरा कोरा घेतला, त्यावर लिहिलं — आहे तसंच. सही केली. दिवसभर दुसरं काही केलं नाही. भूक लागली नाही हेही लक्षात आलं नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पाकीट नुमाजिरी-सानच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी उघडलं, कोरा पिवळा कागद बघितला.

"इत्सुए-सान, हे… मला तुमच्या भावना कळतात. पण प्रायोजकांना काय सांगू? चुकलेलं चित्र आहे हो ते. सगळं जग हसतंय."

मला सांगायचं होतं. सगळं पाठ करून गेले होते, गाडीत दोनदा म्हणून बघितलं होतं. तोंड उघडायला गेले तर शब्दाआधी रडूच यायला लागलं. एवढी माणसं आजूबाजूला! इथे नाही, म्हटलं मनात, इथे तरी नाही. ओठ घट्ट धरला.

ते बोलत होते, ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मग चित्राकडे. परत माझ्याकडे.

"अरे बापरे," म्हणाले.

खुर्चीतून उठून उभेच राहिले. ड्रॉवरमधून शिक्का काढला, कोऱ्या पिवळ्या कागदावर, माझ्या सहीखाली उमटवला, आणि पाकीट दोन्ही हातांनी मला परत दिलं, रंगविभागात तुम्हीच नेऊन द्या म्हणून. प्रायोजकांचं मी बघतो म्हणाले.

नेऊन दिलं.

१० ऑगस्ट, रविवार

'आमागासा' लावली नाही. कंदील टांगला. सासूबाईंच्या भोपळी मिरच्या चिरायला घेतल्या, आणि तिथेच, सुरी हातात धरून, रडले. चांगली मोठ्याने. शेजारच्यांनी भिंतीवर ठोकलं असतं तरी थांबले नसते. सोन्यासारखा माणूस होता माझा आणि गेला तो! आता नाही यायचा.

तोंड धुतलं. मिहारूला काय लिहू ते सुचेना, म्हणून बटाटा पाठवला. माझा पहिलाच. नुसता तोच, खाली काही नाही.

लगेच उत्तर. एकच शब्द — "निघाले."

भात दोघींचा लावला.